वुल्व्हरिनचा नकाशा केवढा? थांबा, प्रश्नच चुकतोय

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला साधारण वीस मिनिटं, वाचायला त्याहून कमी. अडखळलो ते आणि मागे ओरडणारा कावळा काढून टाकलाय, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग पुण्यातून नाही, थेट आंजर्ल्याहून. मे महिना, घरचे आंबे आणि वर्क फ्रॉम होम असा योग जुळून आलाय. दुपारी लाइट जाते, मग लॅपटॉपची बॅटरी आणि मोबाइलचा हॉटस्पॉट यांच्या जिवावर काम. मधेच पंख्याचा आवाज बंद झाला तर समजून घ्या काय झालं ते.

गेले काही दिवस तुमचे सगळ्यात जास्त मेसेज एकाच गेमबद्दल येतायत. 'मार्व्हल्स वुल्व्हरिन'. आणि त्यातले निम्मे मेसेज एकच प्रश्न विचारतात: "मॅप केवढा असेल?" स्पायडर-मॅनपेक्षा मोठा का? ओपन वर्ल्ड आहे का? पूर्ण फिरायला किती तास लागतील?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. हा गेम इन्सोम्नियाक गेम्स बनवतंय. 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' (२०१८), 'माइल्स मोरालेस' (२०२०) आणि 'स्पायडर-मॅन २' (२०२३) बनवणारा हाच स्टुडिओ. वुल्व्हरिनची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. तेव्हा फक्त एका बारमधला छोटा टीझर दाखवला होता. खरा गेमप्ले दिसायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. गेम प्लेस्टेशन ५ साठी, आणि २०२६ च्या 'फॉल'मध्ये येणार असं सांगितलंय. म्हणजे आपल्याकडे गणपती ते दिवाळी, असा तो काळ. मद्रिपूर नावाचं काल्पनिक बेट, टोकियो आणि कॅनडातलं जंगल, अशा जागा त्यात दिसणार आहेत.

आता "मॅप केवढा" या प्रश्नाला माझं उत्तर असं: हा प्रश्न विचारून आपण स्वतःचंच नुकसान करून घेतोय. का, ते सांगायला हा अख्खा भाग घेणार आहे. मधे माझी स्वतःची एक फजितीही सांगतो.

लेव्हल डिझाइन म्हणजे काय रे भाऊ?

आपल्यापैकी बहुतेकांकडे पीएस ५ नाही. माझ्याकडेही नाही, ऑफिसमधल्या मित्राकडे आहे. कन्सोलच पन्नास हजारांच्या पुढे जातो, वर नवा मोठा गेम साधारण पाच हजारांना. त्यामुळे उदाहरण फोनवरचंच घेऊ. बीजीएमआय.

एरँगेलचा नकाशा ८ किलोमीटर बाय ८ किलोमीटर. पण तुम्हाला तो किलोमीटरमध्ये आठवतो का? नाही. तुम्हाला पोचिंकी आठवतं. चारी बाजूंनी मोकळी शेतं, मधे घरांची दाटी, उतरलं की दोन मिनिटांत राडा. तुम्हाला मिलिटरी बेसकडून येणारा पूल आठवतो. सर्कल उत्तरेला गेलं, तुम्ही दक्षिणेच्या बेटावर अडकलात, आणि पुलावर कोणीतरी गाडी आडवी लावून बसलंय. आता काय? पुलावरून जायचं, होडी शोधायची की पोहत जायचं? या "आता काय?"ला लेव्हल डिझाइन म्हणतात.

नकाशा म्हणजे कुठे काय आहे. लेव्हल डिझाइन म्हणजे तिथे उभं राहिल्यावर तुमच्यासमोर कुठला निर्णय येतो. लांब काय दिसतं, कुठे वाट अरुंद होते, कुठे उंचीचा फायदा मिळतो, कुठून गेलं की परतीचा रस्ता बंद होतो, हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं.

हे समजायला मला आंजर्लं फार सोपं पडतं. आमच्याकडे खाडीवर पूल व्हायच्या आधी हर्णै बाजूने यायचं तर होडीने खाडी ओलांडायला लागायची. होडी मिळाली तर मिळाली, नाहीतर बसा काठावर. एरँगेलच्या पुलाचं काम इथे खाडी करायची. मग गावात शिरलात की माड-पोफळीच्या वाड्या, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधून अरुंद वाट. समोरचं दिसत नाही, फक्त पुढचं वळण दिसतं. मग पाखाडी चढत कड्यावरच्या गणपतीला जायचं. वाटेत खडकावरचं गणपतीचं पाऊल. आख्यायिका अशी, की देऊळ आधी खाली समुद्रकाठी होतं, समुद्र आत आला तसा देव कड्यावर गेला आणि जाताना इथे पाऊल टेकलं. आणि वर पोचलात की एकदम सगळं उघडतं. खाली बागा, पुढे समुद्र आणि पाण्यात सुवर्णदुर्ग.

गेम खेळणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. आधी कोंडलेली वाट, मधे एक खूण, शेवटी उंचावरून अख्खा प्रदेश दाखवायचा आणि लांबवर पुढचं ठिकाण. चांगल्या गेममध्ये तुम्ही वर पोचता तेव्हा "पुढे तिकडे जायचंय" हे कोणी बाण दाखवून सांगत नाही. सुवर्णदुर्ग दिसला की तुम्हालाच तिकडे जावंसं वाटतं.

ताकद आणि जागा

आता सुपरहिरोकडे येऊ. साध्या माणसाच्या गेममध्ये भिंत म्हणजे भिंत. सुपरहिरोच्या गेममध्ये भिंत हा प्रश्न होतो. हा माणूस ती चढू शकतो का? फोडू शकतो का? वरून उडू शकतो का? प्रत्येक उत्तरासाठी वेगळं गाव बांधायला लागतं.

आपल्याच इतिहासातलं उदाहरण देतो. रायगडाचा महादरवाजा आठवा. हिरोजी इंदुलकरांनी बांधलेला गड. दरवाजा समोरून सरळ दिसत नाही, दोन बुरुजांच्या मधे वळणात लपलाय. असं का? हत्तीची ताकद धाव घेऊन धडक देण्यात. वळण दिलं की धाव घेता येत नाही, आणि वळणात अडकलेल्या शत्रूवर दोन्ही बुरुजांवरून मारा करता येतो. शत्रूची ताकद काय आहे हे ओळखून जागा तशी बांधली. सुपरहिरो गेमच्या लेव्हल डिझायनरचं काम हेच. फरक एवढाच, की त्याला हिरोला कायमचं अडवायचं नसतं. अडवून विचार करायला लावायचं आणि मग वाट द्यायची.

हे जमलं नाही की काय होतं, त्याचं सगळ्यात बदनाम उदाहरण म्हणजे १९९९ चा निन्तेंदो ६४ वरचा सुपरमॅन. उडू शकणारा, जवळपास अजिंक्य हिरो. त्याला करायला काय दिलं? हवेतल्या रिंगांमधून उडत जा. खाली शहर होतं, पण ते धुक्यात बुडालेलं आणि त्याच्याशी सुपरमॅनचं काही देणंघेणं नाही. आजही "सगळ्यात वाईट गेम" अशा याद्यांमध्ये तो हमखास असतो.

आता उलट उदाहरण. २००४ चा 'स्पायडर-मॅन २', ट्रेयार्क स्टुडिओचा. त्याआधीच्या गेममध्ये जाळं सरळ आकाशाला चिकटायचं. वर काही नसलं तरी हिरो झोके घेतोय. ट्रेयार्कने ठरवलं की जाळं खऱ्या इमारतीलाच चिकटलं पाहिजे. एवढ्याशा नियमाने अख्खं मॅनहॅटन बदललं. उंच इमारतींची रांग म्हणजे हायवे. मोकळं मैदान म्हणजे अडचण. आता प्रत्येक गल्लीत शिरताना खेळणारा वर बघतो: चिकटवू कुठे?

इन्सोम्नियाकला हे नीट कळतं. २०२३ च्या 'स्पायडर-मॅन २'मध्ये त्यांनी ब्रुकलिन आणि क्वीन्स जोडले. नकाशा वाढला खरा, पण मधे आली ईस्ट रिव्हर. नदीवर जाळं चिकटवायला इमारती नाहीत. म्हणून त्यांनी पंख दिले आणि हवेचे बोगदे ठेवले, ज्यात शिरलं की नदीवरून सुसाट पलीकडे. नकाशा वाढवल्यामुळे नवा प्रश्न तयार झाला, आणि त्याचं उत्तरही त्यांनी दिलं. म्हणून ते वाढणं अंगाला लागलं.

आणि बॅटमॅन. २००९ चा 'आर्कम असायलम', रॉकस्टेडीचा. एक बेट, त्यावर एक वेड्यांचं इस्पितळ, बस्स. आजच्या हिशोबाने नकाशा चिमुकला. पण बॅटमॅन बंदुकीच्या गोळीने मरतो, हे त्यांनी लक्षात ठेवलं. म्हणून खोलीच्या छताजवळ दगडी पुतळे, ज्यांवर लपून बसता येतं, आणि खाली बंदूकवाले गुंड. पुतळ्यावरून खाली बघत बसलं की आपण बॅटमॅन आहोत असं वाटतं. तुम्हाला सवय झाली, की पुढे एका खोलीत जोकर त्याच पुतळ्यांना स्फोटकं लावून ठेवतो. आता वर जायची सोय नाही. तुमची आवडती युक्ती काढून घेतली, आता डोकं चालवा. त्याच इमारतीत वॉर्डनच्या ऑफिसमध्ये भिंतीमागे एक गुप्त खोली होती, पुढच्या गेमचा आराखडा तिथे लावलेला. गेम येऊन महिने उलटले तरी ती कोणाला सापडली नाही, शेवटी बनवणाऱ्यांनीच सांगितलं. चिमुकला नकाशा, आणि तरी कोणी पूर्ण बघितला नव्हता!

आता त्याच रॉकस्टेडीचा २०२४ चा 'सुइसाइड स्क्वॉड' घ्या. अख्खं मेट्रोपोलिस, मोठं आणि देखणं. चार वेगळी पात्रं, पण चौघंही कुठल्या ना कुठल्या पद्धतीने हवेत उड्या मारतात आणि गोळ्या झाडतात. त्यामुळे शहर म्हणजे गच्च्यांचं मैदान. कुठल्या गच्चीवर आहोत याने फरकच पडेना. वॉर्नरला त्या गेममुळे सुमारे २० कोटी डॉलरचा फटका बसला. अपयशाची कारणं आणखीही होती, सगळं खापर लेव्हलवर फोडणार नाही मी. पण एवढं मोठं शहर त्या गेमला वाचवू शकलं नाही, हे नक्की.

माझी फजिती

इथे माझी गोष्ट सांगतो. मी कामाला साधा बॅकएंडवाला. गेमचा नाद फक्त शनिवार-रविवार. गेल्या दिवाळीत इथे आलो होतो तेव्हा मनात आलं, आपल्याकडे सुपरहिरो न्यूयॉर्कमध्येच का उडावा? आंजर्ल्यात का नाही? गोडो नावाचं फुकट गेम इंजिन आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. बसलो बनवायला. पुळण, माडांच्या वाड्या, गडगे, पाखाडी, वर कडा आणि देऊळ. सगळं ठोकळ्यांचं, रंगरंगोटी काही नाही. फोटो काढून, पावलं मोजून केलं. पाखाडीवर तर मी तीन रविवार घालवले. पायऱ्या कुठे तुटतात, कुठे वळतात, सगळं जसंच्या तसं.

हिरोची ताकद काय? दोन माड उंच उडी. काम एकच: भरती यायच्या आत पुळणीवरून कड्यावर पोचायचं.

पाडव्याला चुलतभावाच्या हातात दिलं. तो बारावीला, दिवसभर फोनवर गेम. मला वाटलं दहा मिनिटं तरी रमेल. त्याने काय केलं? पुळणीवरून उडी, वाडीच्या टोकावर. तिथून घराच्या कौलांवर. तिथून कड्यावर. चौदा सेकंदांत गेम संपला. लॅपटॉप परत करताना म्हणतो, "दादा, मस्त आहे रे. पण मग ही पाखाडी कशाला काढलीस?"

काही बोलता येईना. तीन रविवार! त्याने एकदाही पाखाडीवर पाय ठेवला नव्हता. ठेवायचं कारणच नव्हतं. मी गाव बांधलं माणसांसाठी, आणि हिरो दिला उडणारा. दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही. १९९९ च्या सुपरमॅनला हसणारा मी, घरच्या घरी तोच गेम बनवून बसलो होतो.

मग काकांनी, ओटीवर बसल्या बसल्या, सहज म्हटलं, "वाळूत कुठे उडी मारता येते रे? पाय रुततो." काकांना गेममधलं काही कळत नाही, पण वाळू कळते. आणि तिथेच उत्तर होतं. मी नियम बदलला: हिरोला जोर फक्त जांभ्यावरून मिळतो. वाळूवर तो तुमच्या-आमच्यासारखा, उलट जडच. झाडावर, कौलांवर पाय टेकता येतो, पण तिथून मोठी उडी नाही.

एवढ्या एका नियमाने सगळं गाव जागं झालं. आता पुळणीवर धावतच जायला लागतं, आणि भरतीचं पाणी मागे लागलेलं. वाडीत शिरलात की गडगा शोधायचा, कारण गडगा जांभ्याचा. गडगा जिथे पडलाय तिथे साखळी तुटते. आणि पाखाडी? पाखाडी म्हणजे जांभ्याचे टप्पे, हिरोसाठी राजमार्ग! फक्त जिथे ती मातीत गाडली गेलीय तिथे दुसरी वाट शोधा. नकाशा तोच, एक ठोकळाही वाढवला नाही. भावाला परत दिला. पहिल्या खेपेला तो वर पोचलाच नाही, पाण्यात गेला. मग चिडून परत, मग परत. शेवटी म्हणाला, "विहिरीच्या कठड्यावरून गेलं तर जवळ पडेल ना?" ती वाट मला स्वतःला माहीत नव्हती.

सांगायचा मुद्दा हा. ताकद दिली की ती कुठे चालत नाही हेही ठरवायला लागतं. तेव्हाच जागेला अर्थ येतो.

आता वुल्व्हरिन

हे सगळं डोक्यात ठेवून फॅन्सच्या अपेक्षांकडे बघू. चार मोठ्या अपेक्षा दिसतात. एकेक घेतो.

पहिली, ओपन वर्ल्ड हवं. माझं मत, नसलं तरी काही बिघडत नाही. स्पायडर-मॅनला शहर लागतं, कारण प्रवास हीच त्याची मजा. वुल्व्हरिन चालतो, धावतो, झेप घेतो, मोटरसायकल चालवतो. त्याची मजा पोचल्यावर सुरू होते. सरळ एका रेषेतला गेम आणि पूर्ण मोकळं जग यांच्या मधलीही एक पद्धत आहे. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) मध्ये आपल्याच पश्चिम घाटातला एक मोठा टप्पा आहे. होयसळ शैलीचे अवशेष, लाल माती, जीप. तुम्ही आधी मनोऱ्यावर चढता, तिथून लांबची ठिकाणं हेरता, आणि मग कुठे आधी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवता. पुढे गोष्ट परत अरुंद होते. कॅनडाच्या जंगलाला ही पद्धत छान बसेल: चार-पाच वाटा, एक नदी, एक शिकार, आणि मग गोष्ट पुढे.

दुसरी, मद्रिपूर जिवंत वाटलं पाहिजे. ही अपेक्षा एकदम रास्त. कॉमिक्समध्ये या बेटाचे दोन भाग आहेत: श्रीमंतांचं हायटाउन आणि गरिबांचं, गुन्हेगारांचं लोटाउन. लोगन तिथे डोळ्यावर पट्टी लावून 'पॅच' या नावाने वावरतो, प्रिन्सेस बारमध्ये बसतो. म्हणजे लेव्हल लेखकांनी आधीच लिहून ठेवलीय. वर काच आणि लिफ्ट, खाली गल्ल्या आणि गर्दी. खालून वर जाणं हाच गेम होऊ शकतो. पण गर्दी नुसती शोभेची नको. 'हिटमॅन २' (२०१८) मधली मुंबईची लेव्हल आठवा. धोबीघाट, रेल्वे यार्ड, सिनेमाचं शूटिंग, आणि तीन लक्ष्यांपैकी एक असा, की त्याचा चेहराच तुम्हाला माहीत नाही. गर्दीतूनच शोधायचा. तिथे गर्दी हीच भिंत आहे आणि गर्दी हाच आडोसा. लोटाउनमध्ये नखं बाहेर काढली की लोक काय करतात? पळतात, दारं लावतात, खबर देतात, की काहीच नाही? याचं उत्तर बघायला मी थांबलोय.

तिसरी, नखांनी सगळं कापता आलं पाहिजे. इथे फॅन्सचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. अ‍ॅडमँटियमची नखं, लोखंड चिरतात, आणि समोर लाकडी दार लागलं की गेम म्हणणार "चावी शोधा"? मग सुपरहिरो कशाला? दार कापता येत असेल तर ते अडथळा म्हणून ठेवूच नका. अडथळा असा ठेवा की कापून चालणार नाही: पलीकडे ओलीस धरलेली माणसं आहेत, आवाज झाला तर मरतील. किंवा कापलं तर छत कोसळेल.

चौथी अपेक्षा फॅन्स फारशी बोलत नाहीत, पण सगळ्यात अवघड तीच. वुल्व्हरिनच्या जखमा आपोआप भरतात. २००९ च्या 'एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्व्हरिन' या गेममध्ये हे झकास दाखवलं होतं. अंगावरचं मांस फाटायचं, आतलं दिसायचं आणि डोळ्यांसमोर भरून यायचं. पण लेव्हल डिझायनरसाठी ही डोकेदुखी. गोळीची भीती नसलेल्या माणसाला खोलीत अडवणार कसं? एक उत्तर म्हणजे वेळ. जखम भरायला क्षण लागतात, आणि तेवढ्यात शत्रू निसटतो. दुसरं, सोबतचा माणूस. तो मरू शकतो, तुम्ही नाही. तिसरं, पाणी. हाडांवर धातूचा थर असलेला माणूस तरंगणार कसा? आमच्या काकांच्या वाळूसारखंच हे. मद्रिपूर तर बेटच आहे. बंदरात पडल्यावर वुल्व्हरिन जड होत असेल, तर प्रत्येक धक्का आणि प्रत्येक होडी एकदम महत्त्वाची होईल.

आणि एक जोड: त्याचं नाक. गेल्या काही वर्षांत "पिवळ्या रंगा"वरून बरीच भांडणं झाली. कुठे चढायचं ते कळावं म्हणून कड्यांवर, शिड्यांवर पिवळा रंग फासलेला. बनवणाऱ्यांचीही बाजू आहे. आजच्या गेममध्ये इतके बारकावे असतात की वाट खरंच दिसत नाही. वुल्व्हरिनकडे यावर घरचा उपाय आहे, वास. पण जपून. आर्कम गेममध्ये बॅटमॅनची डिटेक्टिव्ह नजर इतकी उपयोगी होती, की अनेकांनी अख्खा गेम त्या निळ्या पडद्यातूनच खेळला आणि बनवणाऱ्यांची सुंदर कला बघितलीच नाही. वासाचंही तसं होऊ नये. पाऊस पडला की वास पुसला जावा, मासळी बाजारात गोंधळ व्हावा. हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी उभे राहा, वुल्व्हरिनचंही नाक हरेल.

याचा आपल्याशी संबंध काय?

कोणी म्हणेल, गेम त्यांचा, कन्सोल त्यांचा, आपण यूट्यूबवर बघणार. एवढी चर्चा कशाला?

दोन कारणं. एक, स्टुडिओ फॅन्सचं ऐकतात. सगळे "मोठा मॅप, मोठा मॅप" ओरडले की जाहिरातीत आकडे येतात, आणि ते आकडे भरायला त्याच त्या छावण्या, तेच ते गोळा करायचे बिल्ले. २०२० च्या 'मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये एकसारख्या प्रयोगशाळांमधून फिरून लोक कंटाळले, आणि ३० सप्टेंबर २०२३ ला तो गेम विक्रीतूनच काढला. आपण काय मागतो याने फरक पडतो.

दुसरं कारण घरचं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आठवतो ना? २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी टीम थांबली नाही, आणि २०२० मध्ये गेम जगभर पोचला. राजी काही स्पायडर-मॅनएवढी ताकदवान नाही. पण देवांनी शस्त्रं दिलेली, भिंतीवरून धावणारी, खांबाभोवती गिरकी घेणारी मुलगी आहे. आणि तिच्यासाठी बांधलेल्या जागा राजस्थानी किल्ल्या-हवेल्यांवरून घेतलेल्या. आता बघा, हवेलीत खांब असतातच, म्हणून खांबावरची गिरकी ही तिची चाल. ताकद आणि जागा एकाच मातीतून आलेल्या. लहान गेम आहे, काही तासांत संपतो. पण तो कुठला आहे हे विसरता येत नाही.

माझा चुलतभाऊ आता विचारतो, "दादा, असं गावांचे नकाशे करायचा जॉब असतो का खरंच?" असतो. कमी आहेत, अवघड आहेत, पण पुण्यातही आहेत. घरच्यांना समजावणं ही पुढची लेव्हल. त्यावर वेगळा भाग करू.

पुढचा व्हिडिओ आला की हे बघा

वुल्व्हरिनचा नवा गेमप्ले आला की रक्त आणि ग्राफिक्स पहिल्या खेपेला एन्जॉय करा. दुसऱ्या खेपेला आवाज बंद करून एवढंच बघा.

१. हिरो खोलीत शिरल्यावर किती वाटा दिसतात? एक, की दोन-तीन?

२. ही खोली दुसऱ्या कुठल्याही हिरोला दिली तर चालेल का? चालत असेल तर ती वुल्व्हरिनची नाही.

३. त्याची ताकद कुठे कमी पडते? एकदाही पडत नसेल तर थोडी काळजी करा.

४. लांबवर काय दिसतं? पुढे जिथे जायचंय ते आधीच नजरेत येतं का?

५. वाट कशी कळते? बाणाने, रंगाने, की जागेनेच?

आणि एक विनंती. डिसेंबर २०२३ मध्ये इन्सोम्नियाकवर सायबर हल्ला झाला आणि अर्धवट गेमचे तुकडे बाहेर आले. त्यावरून लेव्हल जोखू नका. माझं चौदा सेकंदांचं आंजर्लं कोणी लीक केलं असतं तर मीही तोंड दाखवलं नसतं.

चला, लाइट आलीय आणि काकू फणस कापायला हाक मारतायत. जाता जाता तुम्हाला गृहपाठ. तुमच्या घरापासून गावातल्या देवळापर्यंतची किंवा सोसायटीपासून स्टेशनपर्यंतची वाट कागदावर काढा. हिरोला एकच ताकद द्या. आणि ती ताकद जिथे चालत नाही अशी एक जागा त्याच वाटेवर शोधा. फोटो काढून नेहमीच्या नंबरवर पाठवा. सगळ्यात भारी वाट पुढच्या भागात मी आणि माझा भाऊ मिळून ठोकळ्यांत बनवून दाखवू. चौदा सेकंदांत संपणार नाही, हा शब्द.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या आणि खेळत राहा.